आईने चालवलेली सायकल

बाबांची जुनी सायकल रोज वापरावी म्हणून मी वर्तकनगरला आणून दुरुस्त करत होते. गंजलेली चेन रॉकेलने पुसताना त्या वासासरशी खडवलीचं आमचं अंगण आठवलं.

मी आठ वर्षांची होते. बाबांना साप चावलेला आणि गावात दुसरं वाहन नव्हतं. आईने त्यांना कॅरिअरवर बसवलं, साडीचा काष्टा मारला आणि दांड्यावरून पाय टाकला.

"अगं, तुला सायकल येते?" बाबांनी विचारलं.

"माहेरी चालवायचे. मला घट्ट धरा."

सात-आठ किलोमीटरवरच्या टिटवाळ्याच्या दवाखान्यात वेळेवर इंजेक्शन मिळालं आणि बाबा वाचले.

आज सायकल तयार झाल्यावर नवऱ्याला मागे बसवून मी फक्त नाक्यापर्यंत गेले, तर मांड्या भरून आल्या. बाबा सांगायचे, टिटवाळ्यापर्यंत आईने एकदाही पाय टेकला नव्हता. ती तेव्हा जेमतेम सव्वीस वर्षांची होती.