कमलाकर आणि शेवटचा यार्ड

इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकमध्ये अमेरिकन फुटबॉल खेळतात हे खुद्द बेसिंगस्टोकलाही माहीत नाही. मला माहीत आहे, कारण माझा मित्र कमलाकर देवपुजारी तिथल्या एका हौशी संघाचा कोच होता. कमलाकर मूळचा नागपूरचा, वय पंचावन्न, बिझनेस पार्कमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर, आणि आयुष्यात पळालाच असेल तर फक्त बससाठी.

हे कोचपण त्याच्याकडे मेथीमुळे आलं. कौन्सिलकडून भाड्याने मिळालेल्या अलॉटमेंटमध्ये, म्हणजे भाजीपाल्याच्या तुकड्यात, तो मेथी लावायचा आणि शेजारच्या मैदानावरून तो लांबट चेंडू सारखा मेथीत येऊन पडायचा. एका रविवारी गडी तावातावाने भांडायला गेला. भांडायच्या आधी काय चाललंय ते समजून घ्यावं म्हणून बाकावर बसला आणि टेस्टरच तो, दुपारपर्यंत त्याने सगळ्या संघाच्या चुका काढून दाखवल्या. पोरांनी चिडायचं सोडून त्याच्या हातात शिट्टी दिली. पुढच्या रविवारपासून सहा-सहा फुटी दांडगे त्याला "येस, कोच" म्हणायला लागले. ऑफिसात इतक्या वर्षांत त्याला "जेवायला येतोस का" असंही कुणी धड विचारलं नव्हतं. माणूस हरखून गेला. मेथीचं त्या साली काही खरं नव्हतं.

संघाचं नाव बॅजर्स. खेळाची भानगड थोडक्यात अशी, की चेंडू घेऊन समोरच्यांच्या गोललाइनपलीकडे जायचं, त्याचे सहा गुण, आणि पुढे सरकायला दर खेपेला चार प्रयत्न मिळतात. बॅजर्सचा कॅलम नावाचा प्लंबर चेंडू असा लांब आणि नेमका फेकायचा की बघत राहावं. जवळजवळ अख्खं मैदान ही पोरं हसत खेळत पार करायची. आणि गोललाइन एका यार्डावर आली, म्हणजे हाताच्या अंतरावर, की सगळी अवसान गळाल्यासारखी व्हायची. चार वेळा डोकं आपटायचं, चेंडू समोरच्यांना द्यायचा आणि परत यायचं. दर रविवारी हेच. लग्न ठरतंय, पत्रिका छापल्यात आणि नवरदेव हॉलच्या दारातून आत येत नाही, असा तो प्रकार होता.

कमलाकर आमच्याकडे चहाला आला की टेबलावर शेंगदाणे मांडून मला हे समजावून सांगायचा. मी ऐकायचो, कारण शेंगदाणे माझे होते.

"शशी, मैदान मोठं असलं की डिफेन्सला मागेही बघावं लागतं. कॅलम लाँग थ्रो टाकेल ही धास्ती असते ना! म्हणून ते पसरतात आणि आपल्याला गॅप्स मिळतात. गोललाइनला त्यांच्या मागे राखायला जागाच उरत नाही. अकराच्या अकरा समोर. आणि आपण काय करणार ते त्यांच्या आजीलापण ठाऊक."

"मग रेटा की!"

"कोण रेटणार? आपली पोरं स्पीडसाठी सिलेक्ट केलेली, हलकी आहेत. वर कॅलम उभा राहतो पाच यार्ड मागे. एक यार्ड पुढे जायचं तर बॉल आधी पाच यार्ड मागे पाठवायचा, हे काय आहे बे?"

मी म्हणालो, हे आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या मीटिंगसारखं आहे. तो हसला नाही.

हसण्यासारखं नव्हतंच. शेवटचा सामना हरले तर क्लब बंद होऊन शेजारच्या गावच्या क्लबात मिसळणार होता आणि त्यांच्याकडे त्यांचा कोच होता. कमलाकरची बायको स्वाती मला म्हणाली, "भाऊजी, कोचिंग गेलं ना तर हे परत संडेला सोफ्यावर बसणार आणि न्यूजमधले बग्ज मला सांगणार." ती हसत म्हणाली खरी, पण मला ते अजिबात विनोदी वाटलं नाही. त्याआधीचा कमलाकर मी पाहिला होता. तो सोफा आणि तो माणूस यांत फरक करणं अवघड झालं होतं.

उत्तर सापडलं ते मंडळाच्या गुढीपाडव्याला. आभारप्रदर्शन सुरू झालं आणि नेहमीप्रमाणे सगळा हॉल जेवणाच्या दाराकडे निघाला. दार अरुंद, माणसं भरपूर, श्रीखंड मोजकं. आभार मानणारे डॉक्टर रिकाम्या खुर्च्यांना धन्यवाद देत होते. कमलाकरने माझा दंड धरला.

"बघ! जागा नाही. कुठे जायचंय ते सगळ्यांना माहितीये. कुणी पळत नाहीये. तरी लाइन पुढे सरकतेय!"

त्याने तिथल्या तिथे पाच जण निवडले. सगळे पन्नाशीचे, पोटाने भक्कम, खांद्याने न दिसता वाट काढणारे. त्यात भूलतज्ज्ञ स्वानंद होता आणि, काय सांगू, मीही होतो. मी साफ नाही म्हणालो. मग स्वातीचा सोफा आठवला आणि हो म्हणालो. आमच्या लीगच्या नियमांत वयाची वरची मर्यादा नव्हती. असा वेडेपणा कुणी करेल हे नियम करणाऱ्यांना सुचलंच नसणार.

आमचं शिक्षण सोपं होतं: खाली वाका, अंगाला अंग चिकटवा, पाय थांबवू नका. चेंडू कॅलमने जवळ उभं राहून लगेच आमच्या मागून येणाऱ्याला द्यायचा. आमच्या पाठीला इतकं चिकटून यायला कुठलंही इंग्रज पोर तयार होईना. त्यांना माणसामाणसांत अंतर लागतं. शेवटी कमलाकरनेच हेल्मेट चढवलं.

शेवटचा सामना. बॅजर्स तीन गुणांनी मागे, काही सेकंद उरलेले, गोललाइन एका यार्डावर आणि हा चौथा प्रयत्न. कमलाकर ओरडला, "मंडळ!" आम्ही पाच जण पोटं सांभाळत मैदानात आलो. समोरचे अकरा जण खदखदून हसले. हसताना माणूस सैल होतो, हे स्वानंदला धंद्यामुळे माहीत होतं.

चेंडू उचलला गेला आणि आम्ही रेटलं. देवाशपथ सांगतो, ती भिंत हलली. चरचर करत मागे गेली. स्वानंदने एकाला अलगद आडवा केला, मी दुसऱ्याच्या छातीत डोकं घालून आंधळ्यासारखा चालत राहिलो आणि मध्ये दाराएवढी फट पडली. कमलाकर त्यातून बाहेर आला. पुढे कुणी नाही. फूटभरावर पांढरी रेघ आणि पलीकडे मोकळं हिरवं गवत.

कमलाकर थांबला.

मी मान वळवून पाहिलं. चेंडू डाव्या काखेत घट्ट धरून तो हळूच गुडघ्यावर बसला, उजव्या हाताने त्या पांढऱ्या रेघेला स्पर्श केला आणि तो हात हेल्मेटच्या जाळीतून कपाळाला लावायची खटपट करू लागला.

शिट्टी वाजली. चेंडूवाल्याचा गुडघा जमिनीला टेकला की खेळ तिथेच संपतो. हा नियम आम्हा पाच जणांना कमलाकरनेच पढवला होता. चेंडू रेघेच्या अलीकडे होता. सामना गेला, क्लब गेला. समोरचा संघ आनंदाने नाचायचंही विसरून त्याच्याकडे बघत राहिला.

"कोच," कॅलमने विचारलं, "आर यू हर्ट?"

"नो, नो," कमलाकर म्हणाला, आणि उठून त्याने गळ्यातली शिट्टी काढून कॅलमच्या हातात दिली.

कार पार्कपर्यंत पोचलो. मग माझा संयम सुटला. माझी बरगडी ठणकत होती. "अरे गाढवा, एक फूट! एक फूट राहिला होता! आत जायचं, मग हवा तेवढा नमस्कार करायचा!"

कमलाकर गाडीला टेकून उभा होता.

"इतकी वर्षं बाहेरूनच बघत होतो रे," तो म्हणाला. "आत जाऊन मग नमस्कार करतं का कुणी?"

आणि हेल्मेट न काढताच तो रडायला लागला.