घासाघासाला इंग्रजी नाव

आमच्या समोरच्या काकांइतकं कमी जेवून जेवणावर इतकं जास्त बोलणारा माणूस अख्ख्या मुलुंडमध्ये सापडणार नाही. हवं तर भांडुपपर्यंत शोधा, मी येते सोबत. बँकेतून रिटायर झाल्यावर माणसं बाल्कनीत कुंड्या लावतात, सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडतात. काकांनी इंग्रजी धरलं, आणि त्यातलंही फक्त खाण्यापिण्याचं. त्यांचं म्हणणं, आपण मराठी माणसं खाल्लं की घास आणि प्यायलं की घोट, एवढ्या दोन शब्दांवर जन्म काढतो. साहेबाचं बघा. नुसतं कुरतडलं की निबल, दातानं तोडलं की बाइट, गाल फुगले की माउथफुल, ओठांपुरतं घेतलं की सिप आणि घटाघटा ओतलं की गल्प. हे सगळं प्रात्यक्षिकासह चालायचं, त्यामुळे त्यांच्याकडे एक बटाटावडा संपायला अर्धी दुपार जायची. काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "अहो, आधी गिळा, मग नाव सांगा."

मी एकदा विचारलं, "काका, भुरक्याला काय म्हणतात हो?" तर म्हणाले, "साहेब भुरके मारत नाही," आणि विषयच बदलला. माझ्या नणंदेच्या लग्नात त्यांनी पानावर हात आडवा धरून "ओन्ली अ मॉर्सल", म्हणजे एवढासाच घास, असं बजावलं. जिलबी वाढणाऱ्या माझ्या दिराला वाटलं, काका लाजतायत. त्याने चार वाढल्या. काका दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत.

गेल्या वर्षी काकूंना मेंदूचा झटका आला. बोलणं गेलं, आणि त्याहून वाईट म्हणजे गिळणं गेलं. नाकात नळी घालून घरी आणलं. गिळायला पुन्हा शिकवणारी एक मुलगी यायची, थेरपिस्ट. तिने बजावलं होतं: अर्धा चमचा, हनुवटी खाली, आणि पहिलं उतरल्याशिवाय दुसरं द्यायचं नाही, नाहीतर फुप्फुसात जाईल. महिन्याभराने तपासणी होती. जमलं तर नळी निघणार, नाहीतर पोटाला भोक पाडून कायमची बसणार.

आता आपल्याकडे माया म्हणजे मोठा घास. काकूंची बहीण गोरेगावहून आली आणि "एवढ्याशाने काय होणार गं तिचं," म्हणत तिने पेजेचा चमचा शिगोशीग भरला. काकूंना असा ठसका लागला की ओठ निळे पडले. शिऱ्याची वाटी घेऊन मी पाठोपाठ उभीच होते. काकांनी आम्हा दोघींनाही दाराबाहेर काढलं. "या घरात आग्रह बंद," म्हणाले.

त्या दिवसापासून चमचा त्यांच्याच हातात. "हा सिपच्याही खालचा," असं पुटपुटत ते अर्धा चमचा पुढे करायचे, आणि काकूंचा गळा हलेपर्यंत स्वतः श्वास घ्यायचे नाहीत. मग निबलएवढं केळं, मग मॉर्सलएवढा मऊ भात. ज्या खुळाला अख्खी बिल्डिंग हसत होती, त्याच खुळाने एकही दाणा वाकडा जाऊ दिला नाही. मला तर काकांचा इतका अभिमान वाटायला लागला की मीच आल्यागेल्याला मॉर्सलचा अर्थ समजावू लागले.

तपासणी झाली आणि नळी निघाली. संध्याकाळी काकांनी विंगभर पेढे वाटले, प्रत्येकाला अख्खा, आणि नाही म्हणणाऱ्याला आग्रह करून दुसरा. "घ्या हो, एकाने काय होतंय," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

मग आम्ही काकूंसमोर चहा ठेवला, चमचा नाही, कप. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, हनुवटी खाली घेतली आणि चक्क भुरका मारला. चहा उतरला. ठसका नाही, काही नाही. काका नाव सांगायला म्हणून उभे राहिले, पण तोंडातून शब्दच फुटेना. डोळे भरले होते. काकूंनी कप खाली ठेवला, त्यांच्याकडे बघितलं आणि एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "अहो, आधी गिळा."

काकांनी आवंढा गिळला. त्याचं नाव मात्र त्यांनी अजून सांगितलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही.