कंपनीच्या हौदातलं कोमट पाणी

ती घटना आठवली की आजही माझा हात आधी नाकाकडे जातो. सत्तरच्या दशकाचा शेवट. मी पिंपरीच्या बाजूला फौजदार होतो. एका सकाळी कुरुळीचा एक कामगार ठाण्यात आला आणि टेबलावर हात आपटून म्हणाला, "साहेब, वैनीनं माझ्या भावाला इख घातलं!"

भाऊ त्याच्याच ओतकामाच्या कारखान्यात होता. धडधाकट गडी. ताप, डोकेदुखी, ताठलेली मान, बरळणं, आणि पाचव्या दिवशी दवाखान्यात खेळ खलास. अकस्मात मृत्यूची नोंद केली, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं, बाईला जबाबासाठी आणवलं.

बाई रडत नव्हती. हवालदार कानाशी लागला, "साहेब, डोळ्यात टिपूस नाही. हीच!" खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं. अटकेचा कागद तयार होता, फक्त माझी सही बाकी होती.

"काय खायला घातलंस त्याला?"

"मी खाल्लं त्येच. एका ताटात जेवतो आमी. ते नाकात पानी घ्यायचे, तेवढं मी न्हाई घेत."

भट्टीची काळी धूळ नाकात बसते, म्हणून तो शिफ्ट सुटल्यावर कंपनीतच नेती करायचा. मी कारखान्यात गेलो. यंत्रं गार करून आलेलं पाणी मागच्या हौदात साठत होतं, कोमट, शेवाळलेलं. एक कामगार म्हणाला, "आयतं गरम पाणी, राव! मीठ टाकलं की झालं."

ठाण्यात परतून मी त्या दवाखान्यात फोन लावला आणि नाकातल्या पाण्याचं सांगितलं. डॉक्टरांनी आजारपणात त्याच्या मणक्यातून काढलेलं पाणी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. "विष नाही, फौजदारसाहेब. अमिबा आहे. प्यायलं तर हा आजार होत नाही, पण नाकातून शिरला की मेंदू गाठतो."

हुश्श! मी तो कागद टराटरा फाडला.

दीर बाहेर बाकावर बसला होता. दोघांना समोर बोलावून सगळं सांगितलं. बाई गर्रकन वळली. "भावजी, तुमीबी तिथंच नेती करता! भांडं कुठाय तुमचं?"

त्याने डब्याच्या पिशवीतून भांडं काढलं. तिने ते हिसकावून खिडकीबाहेर भिरकावलं, आणि मग धाय मोकलून रडली. तो तिच्या पायांशी बसला.

पंधरा दिवस मी दिराला रोज निरोप धाडायचो, "डोकं दुखतंय का?" नाही दुखलं. देवाची कृपा! कंपनीने हौदावर जाळी ठोकली. पुढे रासायनिक तपासणीतही विष निघालं नाही.

मी अजून नेती करतो, पण पाणी खळखळ उकळून, गार करून. आणि कोरड्या डोळ्यांवरून पुन्हा कधी कुणाला गुन्हेगार ठरवलं नाही. रडू कधी फुटेल हे माणसाच्या हातात नसतं; त्या बाईनं आधी दिराचा जीव वाचवला, मग रडली.