हमामातला तांब्या
ऑलिव्हच्या साबणाचा वास आला की मला मँचेस्टरचा तो तुर्की हमाम आठवतो. आई पुण्याहून आली होती आणि आमच्या बाथटबवर पहिल्या दिवसापासून तिचा राग होता. "आपल्याच मळात बसून कसली गं आंघोळ?" असं म्हणत ती टबात बादली ठेवून आंघोळ उरकायची. तिला काहीतरी भारी दाखवावं म्हणून एका शनिवारी मी तिला हमामात नेलं. मी आर्किटेक्ट, त्यामुळे दारातच सुरू झाले: हे उस्मानी काळातल्या हमामांच्या धर्तीवर बांधलंय, घुमटाला ताऱ्यांच्या आकाराची भोकं आहेत, फरशी खालून तापवतात. आईचं लक्ष भलतीकडेच होतं. भिंतीपाशी दगडी कुंडीत नळाचं पाणी पडत होतं आणि काठावर पितळी वाडगा होता. "अगं, हा तर तांब्याच! यांना कळतं हो आंघोळीतलं," ती म्हणाली आणि परकरावरच गरम दगडावर ऐसपैस बसली. पाठ चोळायला आलेल्या तुर्की बाईंच्या हातातला खरखरीत हातमोजा तिनं मागून घेतला, मला पुढ्यात बसवलं आणि चार अनोळखी बायकांसमोर माझी पाठ लाल होईस्तोवर घासली. "हलू नकोस." तुर्की बाई हसून इंग्रजीत म्हणाल्या, "माझी आईपण अशीच घासायची." यंदा बाथरूम नवं केलं, तेव्हा बिल्डरनं दोनदा विचारलं, "टब नक्की काढायचा?" मी म्हटलं, "काढा." आता तिथे दगडी कट्टा आहे, बादली आहे, पितळी वाडगाही आहे. आई पुण्यात आहे, आणि पाठीच्या मधोमध माझा हात पोहोचत नाही.