क्षिप्रेकाठची गोटमार

उज्जैनला जाऊन मी जे काही पाहिलं, ते सगळं आमच्या घराच्या माडीवरून फुकटात दिसतं. (महाकालाचं दर्शन सोडून. ते सकाळीच रांगेत उभं राहून घेतलं होतं, आणि दर्शनाला काही मी ‘पाहणं’ म्हणणार नाही.)

आमचं घर पांढुर्ण्याला. खाली तयार कपड्यांचं दुकान, वर आम्ही. माडीवर उभं राहिलं की समोर जाम नदी आणि नदीपलीकडे सावरगाव. माझी मुलगी पल्लवी त्याच सावरगावात दिली आहे, संत्र्याच्या बागायतदाराकडे. ती आणि जावई नोकरीपायी राहतात इंदूरला, पण सासर ते सासर. तिचे सासरे, म्हणजे आमचे व्याही. आमच्या भागात व्याह्याला इवाई म्हणतात आणि विहिणीला ईनबाई, तेव्हा मीही तेच म्हणतो.

आता सावरगाव म्हटलं की गोटमार सांगावीच लागते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सावरगावकर नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात आणि त्याला झेंडा बांधतात. आम्ही पांढुर्णेकर तो झेंडा आणायला जातो आणि दोन्ही काठांवरून दगड चालतात. फार पूर्वी आमच्याकडच्या मुलाने तिकडची मुलगी पळवली होती म्हणे, तेव्हापासूनचं हे प्रकरण. दरवर्षी डोकी फुटतात, आणि खरं सांगायचं तर मला ते मुळीच आवडत नाही. (आवडलं असतं तरी उपयोग नव्हता. त्या दिवशी मला माडीवर कोंडून ठेवायची पद्धत माझ्या आईने सुरू केली, ती पुढे बायकोने नेटाने चालवली.) उरलेलं वर्षभर दोन्ही गावं एकमेकांना मुली देतात, जेवायला बोलावतात आणि टोपल्या भरभरून संत्री पाठवतात.

तर गेल्या वर्षी पल्लवीच्या लग्नात, वरात पूल ओलांडून आमच्या मांडवात आली, तेव्हा माझ्या हाती माइक लागला. माझ्या हाती माइक लागू नये असं घरात सगळ्यांचं मत आहे, पण त्या दिवशी सगळे कामात होते. मी म्हणालो, “सावरगावचा झेंडा तर आम्ही दरवर्षी आणतो, यंदा जावईच आणला!” मांडव हसला. इवाई हसले नाहीत. तेव्हापासून ते माझ्याशी तीनच शब्द बोलत होते : हो, नाही आणि पाहू.

या फेब्रुवारीत पल्लवीने इंदूरला नव्या घराची वास्तुशांत ठरवली आणि आम्हा चौघांना, म्हणजे मला, माझ्या बायकोला, इवाईंना आणि ईनबाईंना, दोन दिवस आधीच बोलावून घेतलं. तिचा बेत सरळ होता. दोन्ही बापांना एका गाडीत घालून उज्जैनला पाठवायचं आणि येतील ते बोलते होऊन. त्यासाठी तिने फोनवरूनच एक खासगी गाईड ठरवला : दोन तासांत प्राचीन अवंतिका. मला बाजूला घेऊन तिने बजावलं, “बाबा, उद्या पूजेला तुम्ही दोघं शेजारी बसलेले दिसले पाहिजेत मला. गोटमारीचं नाव काढायचं नाही. कोणी गाव विचारलं तर छिंदवाड्याकडचे म्हणून सांगा. मामंजींनाही तेच सांगितलंय.” तिचे डोळे भरून आले होते. मी वचन दिलं, आणि ते पाळायचं अगदी मनापासून ठरवलं होतं.

गाईड मनोज नावाचा, चुणचुणीत. रामघाटावर आम्हाला उभं करून त्याने पाठ केलेलं भाषण सुरू केलं. ही सात पवित्र पुऱ्यांपैकी एक, इथेच सिंहस्थ भरतो, जुन्या ज्योतिषांची मध्यरेषा इथूनच जात होती, वगैरे. इथून हरसिद्धीच्या दीपमाळा, मग वेधशाळा, मग कालभैरव असा त्याचा क्रम होता. पण मला प्रश्न विचारायचा रोग आहे. मध्यरेषा इथूनच का? ती कोणी ठरवली? दोन नद्यांचं पाणी एकत्र आलं तर पुण्य कोणत्या नदीचं? आणि मनोजची अडचण अशी, की मध्ये कोणी बोललं की त्याला भाषण पहिल्यापासून सुरू करावं लागे. सात पुऱ्यांपासून सिंहस्थापर्यंत आम्ही इतक्यांदा गेलो-आलो, की माझी बायको सुमन वरच्या पायरीवर ईनबाईंशेजारी जाऊन बसली. इवाई दुपट्टा सावरत नदीकडे पाहत होते. त्यांच्या हातात त्यांच्याच बागेतल्या संत्र्यांची पिशवी होती. (बागायतदार माणूस दुसऱ्याच्या गावात विकतचं फळ खात नाही.)

शेवटी मनोजने स्वतःच विषय बदलला. त्याने अदबीने विचारलं, “आप लोग किधर से आए हैं?”

इवाईंनी ठरल्याप्रमाणे सांगितलं, “छिंदवाडा साइड.”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण वाचकहो, पांढुर्णा जिल्हा झाला तो परवा-परवा. आयुष्यभर प्रत्येक कागदावर तालुका पांढुर्णा, जिल्हा छिंदवाडा असं लिहून बोटं झिजलेला माणूस हे कसं सहन करणार? मी पुढे होऊन म्हणालो, “छिंदवाडा नहीं भाई, हमारा अलग जिला है अब. पांढुर्णा!”

मनोजचे डोळे लकाकले. “पांढुर्णा? वो पत्थर वाला?”

वर सुमनने कपाळाला हात लावला.

आता प्रश्न विचारायची पाळी मनोजची होती, आणि त्याचा रोग माझ्याहून जुना निघाला. झाड कुठे लावतात? ते मोडत कसं नाही? दगड कुठून येतात? त्या दिवशी दोन्हीकडचे नातेवाईक समोरासमोर आले तर? त्याला इतकं कुतूहल होतं की मला राहवेना, आणि इवाईंना माझं सांगणं ऐकवेना. मी झाड जिथे दाखवलं, तिथे ते ‘नाहीच’ म्हणाले. वर्षभरातला त्यांचा माझ्याशी तो चौथा शब्द.

मग नीट समजावून द्यायचं म्हणून मी माझ्या चपला एका बाजूला मांडल्या : हे पांढुर्णा. इवाईंनी आपल्या चपला समोर ठेवल्या : हे सावरगाव. मध्ये नदी पाहिजे म्हणून त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून पसरला. (खरीखुरी क्षिप्रा शेजारून वाहत होती. तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही.) मनोजने आपली पाण्याची बाटली दिली, तिला लाल रुमाल बांधून आम्ही तो पळस दुपट्ट्याच्या मधोमध उभा केला. दोन्ही काठांवर माणसं म्हणून संत्री मांडली. मी माझ्याकडे दोन जास्त ठेवली, इवाईंनी ती उचलून परत आपल्याकडे नेली.

माणसं जमू लागली. दुसरा एक गाईड वीस-पंचवीस यात्रेकरू घेऊन चालला होता. तोही थांबला आणि त्यांना खालच्या आवाजात सांगू लागला की ही इथली फार जुनी परंपरा आहे. त्यांच्यातल्या एका आजींनी आमच्या बाटलीला हात जोडले. मागून कोणीतरी फुलंही वाहिली. ती सावरगावच्या हद्दीत पडली, त्यामुळे इवाईंनी काही तक्रार केली नाही.

“और झंडा कौन ले जाता है?” मनोजने विचारलं.

“आम्ही आणतो,” मी म्हणालो.

“आणत नाही जी,” इवाई शांतपणे म्हणाले. “आमी देतो.”

“देता? दिवसभर दगड मारून देता?”

“सांज होऊन राह्यते. तुमच्या घरी सैपाक थंडा होते. आमाले दया येते, म्हणून देतो.”

हे ऐकून माझ्या अंगात सगळं पांढुर्णा संचारलं. मी मोठ्या आवाजात कोणत्या वर्षी कोणी कसा झेंडा आणला ते सांगू लागलो, ते त्याहून मोठ्या आवाजात खोडू लागले. यात्रेकरूंना भाषा कळत नव्हती, त्यांना हे सवाल-जवाब वाटले. मध्येच मला उद्याची पूजा आठवली, पल्लवीचे भरलेले डोळे आठवले. आता थांबावं असं फार वाटलं. पण समोरचा माणूस ‘दया येते’ म्हणून गेल्यावर थांबणार कसं?

त्यात मनोजने अगदी निरागसपणे विचारलं, “तो फेंकते कैसे हैं, काका?”

इवाईंनी सावरगावातलं एक संत्रं उचललं. ते नुसतं हात दाखवणार होते, असं ते आजही सांगतात. पण संत्रं हातातून सुटलं आणि दुपट्टा, पळस आणि पांढुर्णा ओलांडून सरळ माझ्या नाकावर आलं. चष्मा खाली पडला. नाकातून वाहतंय ते रक्त की रस, हे कळायला मला जीभ बाहेर काढावी लागली. रस होता.

मला राग आला. नुसता राग नाही, वर्षभर साठलेल्या ‘हो-नाही-पाहू’चा राग. मी पांढुर्ण्यातलं एक संत्रं उचललं आणि होती नव्हती ती ताकद लावून इवाईंवर फेकलं. ते त्यांच्यापासून बरंच लांबून गेलं आणि क्षिप्रेत डुबकी मारून मोक्षाला गेलं. दुसरं फेकलं, ते माझ्याच मागे पडलं. ते कसं, हे मनोजलाही सांगता आलं नाही. यात्रेकरू घरंगळणारी संत्री उचलून कपाळाला लावत होते आणि प्रसाद म्हणून पदरात बांधत होते.

इवाईंचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, संपलं. उद्याची पूजा संपली, पोरीचं सुख संपलं. आणि मग ते मटकन पायरीवर बसले आणि पोट धरून हसू लागले.

“इवाई,” ते डोळे पुसत म्हणाले, “तुमचा असा नेम, अन् तुमी माइकवर बोलता का झेंडा आणतो म्हणून?”

“नेम कसा राहीन जी,” वरून सुमन म्हणाली. तिचा संयम आता सुटला होता. “ह्यायले त आमी त्या दिवशी माडीवर कोंडून ठेवतो. कडी लावून.”

माझी मान खाली गेली. भर घाटावर, अनोळखी माणसांसमोर, बायकोने कडीसकट सांगितलं होतं.

ईनबाई पायऱ्या उतरून खाली आल्या. वर्षभर नवऱ्यामागे त्याही गप्प होत्या. “आमच्या ह्यायलेबी कोंडतो,” त्या म्हणाल्या. “लगन झालं तवापासून. नेम हाये तो बागेतले माकडं हाकलून हाकलून.”

इवाईंचं हसू एकदम थांबलं. ते माझ्याकडे बघेनात, मी त्यांच्याकडे बघेना. त्यांचं घरही नदीकाठालाच आहे, आमच्या बरोबर समोर. म्हणजे इतकी वर्षं मी माझ्या माडीवरून जी गोटमार पाहत होतो, तीच हा माणूस समोरच्या माडीवरून पाहत होता, बाहेरून कडी लावलेला. माझं मन भरून आलं. ज्याला शत्रू समजत होतो तो माझा सोबती निघाला.

ईनबाईंनी वाकून तो पळस उपटला, रुमाल सोडला, झाकण काढलं आणि घटाघटा पाणी प्यायल्या. उरलेलं सुमनला दिलं. “चला,” त्या म्हणाल्या, “झेंडा गेला. आता घरी चला.” यात्रेकरूंनी टाळ्या वाजवल्या.

तोवर दोन तास संपले होते. मनोजला पुढची मंडळी घ्यायची होती. हरसिद्धी, वेधशाळा, कालभैरव सगळं तसंच राहिलं. निघताना त्याने आम्हा दोघांच्या पाया पडून सांगितलं की आज त्याला फार माहिती मिळाली. गाडीत इवाई माझ्या शेजारी बसले आणि इंदूर येईपर्यंत मला माकडांबद्दल सांगत राहिले. मी प्रश्न विचारत राहिलो.

दुसऱ्या दिवशी वास्तुशांतीच्या प्रत्येक फोटोत माझं नाक माझ्याआधी आलेलं आहे. पल्लवीने घाबरून विचारलं, बाबांना काय झालं. इवाई म्हणाले, “काही नाही बाई, उज्जैन पाहून राह्यले होते.” पंगतीत ते माझ्या शेजारीच बसले. त्यांनी एक संत्रं सोललं आणि अर्धं माझ्यापुढे केलं. “घ्या,” ते हळूच म्हणाले, “आता हातात देऊन राह्यलो.” समोर वाढत असलेली पल्लवी आमच्याकडे पाहून हसली आणि पदराने डोळे पुसत आत गेली.

आता गावात मान वर करून चालता येत नाही. सावरगावात यंदाचा निकाल पोळ्याच्या आधीच लागला आहे म्हणतात, आणि परगावी जाऊन, तेही संत्र्याने, हरलेला पांढुर्ण्याचा मी पहिलाच माणूस. दुकानात येणारं गिऱ्हाईक कपडे नंतर पाहतं, आधी नाक पाहतं. पण मी ठरवलं आहे. यंदा सुमनने कडी लावली की माडीच्या कठड्याशी उभं राहायचं आणि समोरच्या माडीकडे पाहून इवाईंना हात करायचा. त्यांनी उलट हात वर केला, तर मात्र लगेच खाली वाकायचं. प्राचीन उज्जैनमध्ये दोन तासांत मी एवढंच शिकून आलो आहे!