आपांचा दुसरा भाग

आपा पुस्तक हातात देण्याआधी हात तपासायच्या. तळवे आधी सुलटे, मग उलटे. मोताळ्याला आमच्या कापडाच्या दुकानामागे त्यांचं घर होतं. तिथल्या ओसरीवर त्या आम्हा तिघाचौघा मराठी माणसांना संध्याकाळी उर्दू शिकवायच्या. माझे हात स्वच्छच असायचे, तरी हुकूम सुटायचा, "धुऊन ये, बेटा. हे तुझ्या दुकानातलं कापड नाही. फाटलं त दुसरं भेटत नाही."

खरंच मिळत नव्हतं. मराठीतून उर्दू शिकवणाऱ्या त्या पुस्तकाचे दोन भाग होते. पहिला, अक्षरओळखीचा, सहज मिळायचा. दुसऱ्यात धडे होते आणि प्रकाशकाने तो छापणं केव्हाच बंद केलं होतं. "सुरुवात करणारे लय असतात, म्हणून पहिला खपते," आपा म्हणायच्या. "दुसऱ्यापर्यंत येते कोण?" त्यांची एकुलती एक प्रत मधे ठेवून आम्ही वाचायचो. समोर बसणाऱ्याला अक्षरं उलटी दिसायची. आमच्यातला कंपाउंडर त्यामुळे उर्दू पाटी अजून मान वाकडी करून वाचतो.

आपांचे गुडघे गेले होते. लेक मलकापूरला बोलावत होती. जाण्याआधी कुणीतरी दुसरा भाग पुरा करावा आणि वर्ग पुढे चालवावा, एवढीच त्यांची इच्छा, आणि डोळा माझ्यावर होता.

"मला कुठे जमणार, आपा?"

"काऊन नाही जमत? पुस्तक संपव, मंग बोल."

म्हणून तर त्यांनी जिवावर उदार होऊन ती प्रत झेरॉक्सला दिली. दुकानदाराने शिवण उसवून पानं सुटी केली, प्रती काढल्या आणि मूळ पानांसकट सगळ्यांना मराठी पुस्तकासारखी डावीकडून शिवण घातली. मग कडा सरळ दिसाव्यात म्हणून उजवी बाजू कटरखाली धरली. उर्दूची ओळ उजवीकडूनच सुरू होते, हे त्या भल्या माणसाला कोण सांगणार? पानाच्या एका बाजूला प्रत्येक ओळीचा पहिला शब्द कात्रणात गेला, पाठच्या बाजूला शेवटचा. आम्ही पुस्तकं न्यायला गेलो, तोवर कात्रण त्याने जाळलंही होतं. माझं डोकं फिरलं, आपांनी मात्र त्याचे पैसे मोजून दिले.

काही दिवस त्या गेलेले शब्द आठवून सांगत. एका संध्याकाळी एका ओळीपाशी थांबल्या, त्या थांबल्याच. "मलेच नाही आठवून राह्यलं," म्हणाल्या आणि पुस्तक मिटलं. मी प्रकाशकाला फोन केला. नवा कोर्स मोबाइलवर आहे, त्यात अक्षरांची कटकट ठेवलेली नाही, असं तिथला माणूस आनंदाने म्हणाला.

आपा मलकापूरला गेल्या. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी लेकीला कौतुकाने सांगितलं, "हा माझा विद्यार्थी." तिने सहज विचारलं, "कुठपर्यंत शिकले हे?"

"पुस्तक होतं तथवर," आपाच म्हणाल्या.

त्या उन्हाळ्यात आपा वारल्या. परवा एक मुलगी दुकानात आली. इथे मागे उर्दू शिकवतात ना, म्हणून विचारत होती. मी नाही म्हणालो.