परकराचा झगा आणि मागची भिंत

मी आयुष्यात एकदाच लोकांचं रक्षण करायला निघालो, तेही सासऱ्यांना सोबत घेऊन.

माझी लेक मुक्ता इथे बंगळुरूत सिनेमाचं शिक्षण घेते. परीक्षेसाठी तिला छोटी फिल्म करायची होती : एक मुखवटेवाला वीर आणि त्याचा साथीदार. वीर होणाऱ्या मित्राला कांजिण्या आल्या. फिल्म सोमवारी द्यायची आणि उजाडला शनिवार. पोरीचा चेहरा बघवेना. मी म्हणालो, "मी करतो."

"बाबा, भिंतीवरून उडी मारायचीय."

"मी कॉलेजात खो-खो खेळलोय." (एकदा. राखीव खेळाडू म्हणून.)

साथीदार व्हायला माझे सासरे तयार झाले. अण्णा बेळगावचे निवृत्त हेडमास्तर, वय बहात्तर. त्यांना डोळ्यांपुरती भोकं पाडलेली माकडटोपी मिळाली. मला काळा मुखवटा, आणि झगा म्हणून बायकोचा काळा परकर.

सोसायटीच्या मागच्या भिंतीवर मी चढलो. वर पोचून रुबाबात वळलो, पाय घसरला, परकर भिंतीवरच्या लोखंडी सळ्यांत अडकला आणि मी पलीकडे, शेजारच्या बागेत लोंबकळलो. तिथे एक बाई पाइपने झाडांना पाणी घालत होत्या.

"यारु नीनु?" त्यांनी विचारलं. कोण तू?

अकरा वर्षं इथे राहून मला एवढं कन्नड येतं. 'मी चोर नाही' म्हणजे 'नानु कळ्ळ अल्ला'. पण भीतीने मी 'नानु कळ्ळ' इथपर्यंतच पोचलो. 'नाही' आठवेना. बाईंनी पाइप माझ्याकडे वळवला.

भिंतीवरून मुक्ताचं डोकं आणि कॅमेरा वर आला.

"मुक्ता, खुर्ची आण."

"हलू नका बाबा, उजेड फार सुंदर आहे."

एवढ्यात अण्णा फाटकातून आत आले. टोपी काढून त्यांनी हात जोडले आणि कन्नडमधून सगळं समजावलं. बाई हसल्या. मग कळलं, त्या धारवाडच्या. अण्णांचे चुलतभाऊ त्यांना गणित शिकवायचे. मग गावातल्या एकेकाची चौकशी सुरू झाली. मग कॉफी आली. दोन कप.

"अण्णा, मी अजून इथेच आहे."

"थांबा की जावईबापू, अक्का बोलायल्यात."

कॉफी संपल्यावर अक्कांनी झाडं छाटायच्या कात्रीने परकर कापला आणि मी जास्वंदीच्या चिखलात उतरलो. म्हणजे पडलो. अक्कांनी टॉवेल दिला, उप्पीट खाऊ घातलं आणि पाणी स्वल्प जास्तच मारलं, असं कबूल केलं.

मुक्ताची फिल्म वर्गात पहिली आली. बघायला आम्ही सगळे गेलो, अक्कासुद्धा. गोष्ट पार बदलली होती. शेवटी पडद्यावर नावं आली : वीर, अण्णा. साथीदार, अक्का. चोर, बाबा.

परीक्षकांनी शेरा दिला होता, चोराचं काम करणाऱ्याने अभिनय केलाय असं कुठेच वाटत नाही.